राहून गेलेला ‘ऊर्फ’

मी एक जुनी डबी आहे, मित्रांनो; पण डबी म्हटल्यावर तुमच्या तोंडाला पाणी सुटण्याचे कारण नाही. माझ्यात कधी लाडू नव्हते. माझ्यात एक नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा थर, आहे, नमद्यावर मलमलीचा तुकडा आहे, आणि एके काळी त्या मलमलीत काळीनिळी शाई मुरलेली असे. ज्यांना सही करता येत नसे ती माणसे डाव्या हाताचा अंगठा आधी माझ्यावर टेकवत आणि मग कागदावर. अंगठ्याची डबी, एवढेच माझे नाव.

माझा पत्रा कुठल्या कारखान्यात कापला गेला ते मला ठाऊक नाही. मला समज आली ती सीताबर्डीवरच्या एका कागददौतीच्या दुकानात. तिथून १९६१ साली महादेवरावांनी मला घेतले. त्यांना नुकताच अर्जनवीस म्हणून परवाना मिळाला होता. अर्जनवीस म्हणजे लोकांचे अर्ज, करार, दाखले सुबक अक्षरात लिहून देणारा माणूस. तहसील कचेरीच्या आवाराबाहेर एक कडुलिंब होता. त्याच्या खाली सतरंजी, सतरंजीवर उतरत्या झाकणाचे लाकडी डेस्क, डेस्कावर दौत, टाक, टीपकागद आणि मी. असा आमचा संसार.

त्या काळात माझ्या वाटेला खूप अंगठे आले. कापूस वेचणाऱ्या बाईचा अंगठा मी न पाहता ओळखत असे, कारण बोंडाच्या टोकांनी त्याच्या कडा चिरलेल्या असत. कोळशाच्या खदानीतल्या माणसाच्या अंगठ्यावर रेषा आधीच काळ्या असत. त्याला माझी शाई नावापुरतीच लागे. कचेरीतले कारकून म्हणत, “महादेवरावाच्या डबीचा ठसा पाहा, रेघ न् रेघ उठते.” महादेवराव दर सोमवारी माझी मलमल धुऊन वाळवत आणि ताजी शाई थेंबाथेंबाने पाजत. त्या कौतुकाने मी फुगून गेले होते, हे आता कबूल करायला हरकत नाही.

झाडाखाली येणारी निम्मी माणसे घरात कोणीतरी गेल्यावर येत. गेलेल्याचे शेत आता कोणाचे, घर कोणाचे, हा प्रश्न घेऊन ती बसत. कायदा १९५६ सालीच झाला होता, पण गावांपर्यंत तो पुरता पोहोचला नव्हता. महादेवरावांना समजावून सांगण्याची भारी हौस. एकदा एक म्हातारे काका आले. त्यांचा पुतण्या वारला होता. मागे पुतण्याची बायको आणि एकच मुलगी.

काका म्हणाले, “पोरगी तं परक्याचं धन हाये. शेत माह्या नावानं लिहा.”

महादेवरावांनी टाक खाली ठेवला. “काकाजी, पुतण्याच्या तेरवीले पंगती किती उठल्या?”

“चार उठल्या. काहून?”

“कायद्याच्याही चारच हायेत. पहिल्या पंगतीत बसते मुलगा, मुलगी, बायको अन् आई. चौघांचे पाट बरोबरीचे, चौघांले वाढणं सारखं. त्या पंगतीत एक जरी माणूस बसला असन तं दुसरी पंगत बसतच नाही.”

“अन् बाप?”

“बाप दुसऱ्या पंगतीत. तिथंही आधी बाप, मंग भाऊ-बहिणी, असं ओळीनं.”

“बाप दुसऱ्या पंगतीत?” काकांनी पागोटे काढून मांडीवर ठेवले. “हे कोणी लिहिलं गा?”

“दिल्लीत लिहिलं.”

“दिल्लीत कोणाले बाप नसन मंग,” काका म्हणाले, आणि भोवतालची माणसे हसली. काकाही थोडे हसले. मग त्यांनी हळूच विचारले, “अन् मी कोणत्या पंगतीत?”

“तुम्हीही दुसऱ्याच पंगतीत, पण पार शेवटच्या कोपऱ्यात. तिसरीत भावकी, म्हणजे गोत्रज. ज्यांचं नातं बापाकडून बापाकडून येते ते. चौथीत भिन्नगोत्रज, मधात कुठंतरी बाईकडून नातं आलेले. अन् कोणीच नसन तं सरकार येते, उरलंसुरलं घेऊन भांडे घासून जाते.”

काका पागोटे बांधून उठले. जाताना म्हणाले, “बरं तं बरं, पोरगी जेवते तं जेवू द्या.”

तेव्हापासून महादेवराव वारसांचे प्रकार असेच शिकवत. मुलगा बापाच्या आधी गेला असेल तर त्याची विधवा आणि मुले त्याच्या पाटावर बसतात. बापाच्या मरणाच्या वेळी बाळ आईच्या पोटात असेल तर त्याचाही पाट मांडून ठेवायचा. ते जन्मले की त्यावर बसते. हे सारे गेलेल्या माणसाने मृत्युपत्र केलेले नसेल आणि मालमत्ता त्याने स्वतः कमावलेली असेल तर, हे ते न विसरता सांगत. ऐकणाऱ्या बाया पदर तोंडावर घेऊन हसत. घरी ज्या सर्वांच्या मागून जेवत, त्यांना कायद्याने पहिल्या पंगतीत बसवले होते. हसणार नाहीत तर काय करतील?

आता चार शब्द सांगते, ते लक्षात ठेवा. आमच्या नागपूरकडच्या जुन्या कागदांत माणसाची ओळख अशी लिहीत: अमुक वल्द तमुक, म्हणजे तमुकचा मुलगा. जौजे म्हणजे बायको. बेवा म्हणजे विधवा. आणि एकाच माणसाला दोन नावे असली तर मध्ये ‘ऊर्फ’. दोन अक्षरांचा शब्द. लिहायला किती वेळ लागतो? टाक एकदा दौतीत बुडवला तर पाच वेळा लिहून होईल.

तरी तो राहून गेला.

ती १९६९ सालातली गोष्ट. सावनेरच्या रस्त्यावरच्या एका गावातले रुपराव वारले होते. त्यांनी स्वतःच्या मेहनतीने घेतलेले नऊ एकर शेत होते. त्यातले पाच एकर काळे, विहिरीचे. चार एकर बरड, म्हणजे मुरमाड, हलके. मृत्युपत्र नव्हते. त्यांचा मुलगा शालिकराम आपल्या आईला, भागीरथाबाईंना, घेऊन आला. शेतावर वारसांची नावे चढवण्यासाठी अर्ज लिहायचा होता. उन्हे कलली होती आणि त्यांना शेवटची मोटार गाठायची होती.

महादेवरावांनी नेहमीप्रमाणे विचारले, “बहीण हाये का?”

“हाये ना एक.”

“नाव सांग.”

“जयवंता.”

“नवऱ्याचं नाव?”

“मारोतराव. सावनेरकडं कोळशाच्या खदानीत असते.”

महादेवरावांनी लिहिले: शालिकराम वल्द रुपराव. भागीरथाबाई बेवा रुपराव. जयवंताबाई जौजे मारोतराव. पहिल्या पंगतीचे तीन पाट मांडले गेले. रुपरावांची आई आधीच गेली होती, म्हणून चौथा नव्हता. प्रत्येकाचा तिसरा हिस्सा, म्हणजे तीन तीन एकर. अगदी कायद्याला धरून.

मित्रांनो, आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीने त्यात नवे नाव लिहितो, आणि मग सासरी त्याच नावाने हाक मारतात. जयवंताचे नाव मारोतरावांनी रुख्मिणी ठेवले होते. चौदा वर्षे त्या खदानीच्या वस्तीत ती रुख्मिणीच होती. हे शालिकरामला ठाऊक होते. तो विसरला की गप्प राहिला, ते मी सांगू शकत नाही. पुढे त्याला कोणी विचारले तेव्हा तो एवढेच म्हणाला, “मी खोटं काय सांगतलं? आमच्या घरी तिले जयवंताच म्हणते.” आणि ते खोटे नव्हतेच.

पण महादेवरावांनी विचारायला हवे होते. लग्न झालेल्या बाईचे सासरचे नाव कोणते, हा प्रश्न ते एरवी विचारत. त्या दिवशी मोटारीची घाई होती.

आणखी एक चूक झाली. अर्जाच्या शेवटी एक ठरलेले वाक्य असते: ‘वरील मजकूर वाचून दाखविला, तो समजला व बरोबर आहे.’ महादेवरावांनी ते वाक्य लिहिले आणि कागद भागीरथाबाईंपुढे केला. त्या पदर सावरून पुढे सरकल्या.

“काय लिहिलं जी बाबूजी?” त्यांनी विचारले.

“आपलीच नावं हायेत माय,” शालिकराम म्हणाला. “टेक अंगठा. मोटार जाईन.”

त्यांनी माझ्यावर अंगठा टेकवला. थंडगार अंगठा होता. कागदावर ठसा असा सुरेख उठला की महादेवरावांनी स्वतःशीच मान हलवली. मजकूर वाचून दाखवला असता तर ती आई नक्की म्हणाली असती की, तिकडं तिले रुख्मिणी म्हणते. वाक्य लिहिले गेले, वाचन झाले नाही. माझ्या सगळ्या अंगठ्यांत हा एक मला अजून टोचतो.

पुढे रिवाजाप्रमाणे तिन्ही वारसांना नोटीस निघाली. जयवंताबाईंची नोटीस घेऊन गावचा कोतवाल धोंडबा खदानीच्या वस्तीवर गेला. पाच-सहा दिवसांनी तो आमच्या झाडाखाली आला. त्याला लिहिता येत नसे. नोटीस परत करण्याचा मजकूर महादेवरावांकडून लिहून घ्यायचा होता.

“ह्या नावाची बाईच नाही तिथं,” धोंडबा सतरंजीवर बसत म्हणाला. “पानठेल्यावर इचारलं, जयवंता जौजे मारोतराव कुठं राहते गा? तं ते म्हणे, मारोतरावची बायको रुख्मिणी. जयवंता कोण? एक जण म्हणे, मारोतरावनं दुसरी केली का गा, अन् आमाले जेवाले नाही बलावलं?”

झाडाखालची माणसे हसली. महादेवरावही हसले. हसता हसता त्यांचा टाक चालतच होता: ‘सदर नावाची बाई या गावी मिळून येत नाही.’ धोंडबाने माझ्यावर अंगठा दाबला आणि कागद कचेरीत गेला.

मला आजही नवल वाटते. महादेवरावांच्या स्वतःच्या पत्नी, शामलाबाई, माहेरच्या पंचफुला. ते नाव त्यांनीच ताटातल्या तांदळावर पुसले होते. रोज संध्याकाळी ज्या बाईच्या हातचे ते जेवत, तिला दोन नावे होती; आणि दुपारी झाडाखाली, मारोतरावांची बायको रुख्मिणी हे ऐकूनही त्यांच्या मनात काही हलले नाही. हुशार माणसाची चूक अशीच असते. ती अवघड जागी होत नाही, रोजच्या जागी होते.

शेतावर दोन नावे चढली. तिसऱ्या नावापुढे ‘मिळून आली नाही’ असा शेरा पडला. पाच वर्षांनी शालिकरामने विहिरीचे पाच एकर एका व्यापाऱ्याला विकले. झाडाखाली कोणाला याची खबरही नव्हती.

१९७७ साली, थंडीच्या दिवसांत, एक बाई आली. कपाळ मोकळे, हातात कापडी पिशवी. ती बराच वेळ झाडापासून दूर उभी राहिली. मग महादेवरावांनीच हाक मारली.

“या बाई, बसा. काय लिहायचं हाये?”

“लिहाचं नाही जी काकाजी. वाचाचं हाये.” तिने पिशवीतून दोन कागद काढले. “माह्ये मालक गेले पोळ्याच्या दिवसात. दम्यानं. खदानीचं क्वार्टर सोडा म्हणते. पोरगी हाये लग्नाची. भावाकडं गेली होती, म्हटलं बाबाच्या वावरात माहा हिस्सा असन तं मले कसू दे. तं भाऊ म्हणते, तुह्यं नावच नाही. मी कचेरीतून नक्कल काढली. पाहा बरं, काहून नाही माह्यं नाव?”

महादेवरावांनी चष्मा लावला आणि वाचू लागले. अर्जदार शालिकराम वल्द रुपराव. भागीरथाबाई बेवा रुपराव. मग तिसरे नाव. जयवंताबाई जौजे मारोतराव.

“हे तं मीच,” बाई म्हणाली. “म्हणजे माहेरची मी. सासरी मले रुख्मिणी म्हणते.” मग ती जराशी हसली. “आता आठोलं. मालकाले एकदा कोणीतरी सांगतलं होतं, कोतवाल जयवंता नावाची बाई शोधून राहिला होता म्हणून. दोन महिन्यानं सांगतलं. मालक मले म्हणे, जयवंता कोण वं? मी म्हटलं, मीच. मंग आमी दोघं हासलो. वाटलं, माहेरचं कोणी भेटीले आलं असन अन् परत गेलं असन.”

महादेवरावांनी सगळा अर्ज वाचून दाखवला. नोटिशीवरचा शेराही वाचला. वाचून दाखविला, समजला, बरोबर आहे, हे वाक्यही वाचले. ते वाचताना त्यांचा आवाज खूप बारीक झाला होता. त्याच्या खाली आणखी एक ओळ होती: ‘अर्ज लिहिणार महादेवराव, अर्जनवीस.’

ती ओळ त्यांनी वाचली नाही. कागदाची घडी घातली आणि म्हणाले, “बाई, तुमचा हक्क गेला नाही. नोंद चुकली म्हणून हक्क जात नसते. तुम्ही पहिल्या पंगतीच्या वारस आहा.”

“मंग मिळन?”

“मिळन. मी अर्ज लिहून देतो. पैसे नको.”

त्या दिवशी त्यांनी लिहिले: जयवंताबाई ऊर्फ रुख्मिणीबाई. ‘ऊर्फ’ इतका ठसठशीत लिहिला की टाकाचे टोक कागदात रुतले. मग अर्ज पहिल्या शब्दापासून वाचून दाखवला, दोनदा. बाईंनी माझ्यावर अंगठा टेकवला. अंगठ्याला नाव नसते, मित्रांनो. तो माहेरी आणि सासरी एकच असतो. बाई उठल्या आणि त्यांनी वाकून महादेवरावांच्या पायांना हात लावला. महादेवरावांनी पाय आखडून घेतले.

“तुमच्यासारखं माणूस भेटलं म्हणून,” त्या म्हणाल्या.

पुढे प्रकरण मनोहरराव वकिलांकडे गेले. बरड चार एकर शालिकरामच्या ताब्यात होते, पण विहिरीचा तुकडा व्यापाऱ्याकडे गेलेला. मनोहरराव एक दिवस झाडाखाली आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, “महादेवराव, ह्या बाईले विहिरीवरही हक्क सांगता येते. पण व्यापारी म्हणून राहिला, की नोटीस काढली होती, बाईच आली नाही. कोतवालाले तेव्हाच कळलं होतं, की मारोतरावची बायको रुख्मिणी हाये, असं सांगणारा कोणी भेटला तं बाजू भक्कम होईन. कोतवाल तं वारला. तुमच्या कानावर होतं का काही?”

मी तेव्हा उघडी होते. महादेवरावांनी माझे झाकण लावले. मग म्हणाले, “दिवस खूप झाले वकीलसाहेब.”

एवढेच. त्यांना परवाना जाण्याची भीती वाटली असेल, किंवा झाडाखालच्या इतक्या वर्षांच्या नावाची. ते वाईट नव्हते, हे मी शपथेवर सांगेन. पण भावाचे गप्प राहणे आणि त्यांचे गप्प राहणे यांत मला फरक सांगता येत नाही.

साक्षीदार नाही म्हटल्यावर विहिरीचे भांडण लांबले असते. क्वार्टर सुटले होते, मुलीचे लग्न थांबले होते. बाईंनी समझोता केला. कचेरीत भागीरथाबाईंनाही आणले होते. साहेबांनी विचारले की ह्या दोघी बाया वेगवेगळ्या आहेत की एकच? ती थकलेली आई म्हणाली, “लेक एकच हाये साहेब. नावं दोन हायेत. मले तवा कोणी इचारलं नाही.” शालिकराम दाराकडे पाहत उभा होता.

जयवंताबाईंना बरडातले तीन एकर मिळाले. विहीर नाही. बाहेर आल्यावर त्या भावाजवळ गेल्या. तो म्हणाला, “झालं ना मनासारखं? आता माहेर म्हणून येऊ नको.” त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून आईला पाणी पाजले.

त्या बरडात त्यांनी तूर पेरली. पहिल्या वर्षापासून, तूर निघाली की त्या एक पायली घेऊन झाडाखाली येत. “काकाजी, तुमच्यामुळं खाऊन राहिलो,” असे म्हणत. महादेवराव विचारत, यंदा पाणी कसं झालं? पोरीचं कसं चाललं? दर वर्षी ते सुरुवात करत, “बाई, एक सांगायचं होतं,” आणि मग विचारत, “डाळ भरडली का नाही?” घरी शामलाबाई त्या तुरीचे वरण करत. महादेवराव त्या दिवसांत भात ताकाबरोबर खात. का, ते शामलाबाईंना कधी कळले नाही.

हळूहळू झाडाखालची गर्दी ओसरली. गावात शाळा झाल्या, पोरे सह्या करू लागली. आई-बाप मात्र अंगठाच टेकवत, म्हणून माझी अगदीच विल्हेवाट लागली नाही. १९८४ साली महादेवरावांनी बसणे सोडले आणि डेस्क धरमपेठेतल्या घरी आणले. मी डेस्कात. कोणी माझी मलमल धुतली नाही, कोणी शाई पाजली नाही. मी वाळत गेले.

घरी आल्यावर एका सकाळी त्यांनी एक कागद लिहायला घेतला. मी शेजारीच होते. ‘जयवंताबाई ऊर्फ रुख्मिणीबाई यांस. मी महादेवराव लिहून देतो की...’ सगळे लिहिले. मोटारीची घाई, न केलेले वाचन, धोंडबाचे बोलणे, वकिलापुढची माघार. एका पानात मावले. खाली सही करायची तेवढी राहिली. तूर निघाली की बाई येईल, तेव्हा वाचून दाखवीन आणि तिच्यासमोरच सही करीन, असे मनाशी म्हणत त्यांनी कागद माझ्याखाली ठेवला.

त्याच पौषात त्यांना लकवा झाला. धंतोलीतल्या दवाखान्यातून महिन्याने घरी आले तेव्हा उजवा हात लुळा पडला होता आणि वाचा गेली होती.

जयवंताबाई तूर घेऊन आल्या. शामलाबाई चहा टाकायला आत गेल्या. बाई खाटेजवळ बसल्या आणि म्हणाल्या, “कसं झालं हे काकाजी? बोलू नका. पडून राहा.”

महादेवरावांनी डावा हात लांबवला. खाटेशेजारचे डेस्क उघडले, मला बाजूला सारून कागद ओढला आणि तो बाईंच्या मांडीवर ठेवला. मग मला उघडले. ज्या माणसाने हजारो लोकांचे अंगठे माझ्यावर टेकवून घेतले, त्याने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा अंगठा माझ्यावर टेकवला. दाबला. पुन्हा दाबला. मग कागदावर, मजकुराच्या खाली.

कागदावर काहीच उठले नाही. माझ्यात शाई नव्हती, मित्रांनो. एक थेंबही नव्हता.

बाईंनी कागद उलटसुलट पाहिला. त्यांना वाचता येत नव्हते. महादेवरावांच्या डोळ्यांतून पाणी आले तेव्हा त्या घाबरल्या. त्यांनी कागदाची नीट घडी घातली, परत डेस्कात ठेवली आणि झाकण लावले. “तुमचे कागद तुमच्यापाशीच असू द्या काकाजी,” त्या म्हणाल्या. “बरे झाले का मंग लिहा.” आतून चहा आला. बोलणे पावसापाण्यावर गेले.

महादेवराव त्या उन्हाळ्यात गेले. त्यांच्या वारस म्हणून शामलाबाई आणि त्यांची मुलगी, दोघींची नावे घरावर चढली. मुलीच्या नावापुढे ‘ऊर्फ’ लिहायला शामलाबाईंनी घरी आलेल्या कारकुनाला दोनदा बजावले, तेव्हा मी डेस्कातून ऐकत होते. शामलाबाईंना वाचता येते. पण नवऱ्याच्या डेस्कात हात घालण्याची त्यांची रीत नाही. म्हणून मी इथे आहे आणि माझ्याखाली तो कागद आहे. त्याला तीन वर्षे झाली.

मित्रांनो, मला नवी शाई पाजा, असे मी म्हणणार नाही. ज्या घरात सगळ्यांना सही येते त्या घरात मी रिकामीच बरी. तुमच्या आईला दोन नावे असतील, आत्याला असतील, आजीला तर नक्की असतील. ती दोन्ही विचारून घ्या आणि कुठे लिहायची वेळ आली तर दोन्ही लिहा. कोणाला कागद वाचून दाखवायचा असेल तर खरोखर वाचा. चूक झाली असेल तर ज्याची झाली त्याला त्याच आठवड्यात सांगा, बोलता येत असेपर्यंत.

आणि तुमच्यापैकी कोणी धरमपेठेतल्या त्या घरी गेलात, तर शामलाबाईंना सांगून हे डेस्क उघडा. जयवंताबाई अजूनही तूर घेऊन येतात. त्यांना बसवा, पाणी द्या, आणि तो कागद त्यांना पहिल्या ओळीपासून वाचून दाखवा. खाली सही नाही म्हणून थांबू नका. लिहिणाऱ्याचे नाव आहे, तेही वाचा.